दोष ह्यांच्या हाताचा नव्हता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही. देवासमोर हात जोडून बसते तेव्हासुद्धा नाही — तिथेही मी मुलीची परीक्षा, गुडघ्याचं दुखणं असलंच काहीबाही मागते आणि उठते. मग तुम्हालाच का? तुम्ही कधी आमच्या घरी येणार नाही, ह्यांना भेटणार नाही, म्हणून असेल. परक्या माणसापुढे जीभ सैल सुटते म्हणतात. बघू या.

'हे' म्हणजे शरद, माझा नवरा. नावाने हाक मारायची आमच्याकडे पद्धत नाही, इथे लिहितानासुद्धा हात अडखळतो. तेव्हा 'हे'च म्हणते.

गोष्ट सात जुन्या कॉम्प्युटरांची आहे. ठेवायचे की विकायचे, एवढाच प्रश्न होता. असा प्रश्न कुठल्या घरात पडत नाही? कुणाकडे जुनी शिलाई मशीन असते, कुणाकडे पाळणा. आमच्याकडे सात मशिनी होत्या. (हे त्यांना कॉम्प्युटर कधीच म्हणाले नाहीत. मशिनी.)

मी अमरावतीची. सासरे मूळ भुसावळचे, रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर. बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. ह्यांचा जन्म इथला. ह्यांच्या तोंडचं मराठी ऐकून माझ्या माहेरची पोरं खुदुखुदु हसायची, कारण 'मतलब' म्हटल्याशिवाय ह्यांचं वाक्य पुढे सरकायचंच नाही. पण मला तरी कुठे हिंदी येत होतं? लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी भाजीवाल्याशी बोटांनी बोलले.

ह्यांचा तेव्हा जयपुरातच, गोपालपुऱ्यात कॉम्प्युटर क्लास होता. दोन खोल्या, एक कूलर, सात मशिनी. सकाळी आणि संध्याकाळी मुलं यायची, दुपारी क्लास रिकामा असायचा. घरी एकटी बसून कंटाळायचे म्हणून मी डबा घेऊन बसने तिथे जायला लागले. जेवण झालं की हे मला शिकवायचे. आणि गंमत ऐका — चालवायला नाही, आधी उघडायला शिकवलं. "आतून बघितलं ना, मतलब, की भीती जाते," म्हणायचे. चार स्क्रू काढायचे, बाजूचा पत्रा सरकवायचा. ही हार्ड डिस्क, हा पंखा, ही रॅमची पट्टी. मशीन सुरू होताना एकच छोटा बीप आला तर सगळं ठीक. थांबून थांबून लांब बीप आला तर रॅमची तक्रार. मग पट्टी काढायची, तिच्या कडेचे ते बारीक सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने घासायचे, आणि अंगठ्याने दाबून परत बसवायची. निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम व्हायचं.

लग्नाआधी आम्ही एकदाच भेटलो होतो, तेही खोलीभर माणसांत. आमची खरी ओळख त्या उघड्या पत्र्यांसमोर झाली. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, दोघांच्या मध्ये स्क्रूंनी भरलेली वाटी. एकदा पट्टी बसवल्यावर मशीन माझ्या हातून सुरू झाली तर हे खाली जाऊन कचोऱ्या घेऊन आले. मी त्या वेळेइतकी सुखी परत कधी झाले का? खरं सांगायचं तर नाही. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

दोन हजार साल उलटलं आणि गोपालपुऱ्यात मोठमोठे क्लास उभे राहिले. त्यांच्याकडे गार हवा, काचेची दारं, नव्या चपट्या स्क्रीन. आमच्याकडे मुलं येईनाशी झाली. दोन वर्षं हे रेटत राहिले, मग क्लास बंद केला आणि एका शाळेच्या ऑफिसात नोकरी धरली. सातही मशिनी प्रताप नगरच्या आमच्या घरी आल्या. हाउसिंग बोर्डाचं घर ते, केवढंसं असणार? मागची खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत भरली. सांगानेरचं छापील कापड आणून मी सातही मशिनींना झाकणं शिवली. इथली धूळ कुणाला सोडत नाही, एक आंधी आली की डाळीच्या डब्यातसुद्धा वाळू.

दर रविवारी हे खोलीत जायचे, झाकणं काढायचे, एकेक मशीन सुरू करून बघायचे आणि एखादी उघडून साफ करायचे. दसऱ्याला सातही मशिनींना कुंकू आणि झेंडूचं फूल. मी म्हणायचे, "अहो, कशाला ठेवायच्या? विकून टाका." हे म्हणायचे, "चालू आहेत ना त्या. चालू चीज कोणी विकतं का?"

हे सासऱ्यांचं होतं. त्यांच्या शेडमध्ये म्हणे नियमच होता — जे चालतंय त्याला कंडम म्हणायचं नाही. ज्यातून आता काहीही निघणार नाही असं ठरलं, त्याच्यावरच खडूने 'कंडम' लिहायचं, मगच ते भंगारात. सासरे घरातही हाच कायदा चालवायचे. चालणारा पंखा, चालणारा रेडिओ, टिकटिकणारं घड्याळ घराबाहेर जात नसे. सासरे गेले, पण कायदा राहिला. ह्यांनी बापाची दुसरी कुठलीच गोष्ट इतकी पाळली नाही.

म्हणजे त्या मशिनी घराबाहेर जायला एकच वाट होती. त्या बंद पडायला हव्यात.

आता कळलं तुम्हाला? ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार मी. मी त्या बंद पाडल्या.

माझ्याकडे बिनरंगाच्या नेलपॉलिशची बाटली असायची. नखांना नाही हो, खोट्या बांगड्यांना. पातळ हात फिरवला की त्या काळ्या पडत नाहीत, ही युक्ती सगळ्या बायकांना माहीत असते. एका मंगळवारी हे ऑफिसात आणि मुलगी शाळेत गेल्यावर मी एका मशिनीचा पत्रा सरकवला, पट्टी काढली, आणि त्या सोनेरी दातांपैकी चार-पाच दातांवर पॉलिश फिरवलं, म्हणजे तिथून वीज पुढे जाणार नाही. वाळू दिलं. परत बसवली. दिसायला काहीच दिसत नव्हतं. ह्यांना तर मुळीच दिसलं नसतं, कारण जवळचं दिसेनासं झालं होतं आणि चष्मा करायला हे तयार नव्हते.

रविवारी लांब बीप आला. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. हात थांबला, मग पुन्हा लाटायला लागले.

ह्यांनी पट्टी काढली, खोडरबराने घासली, बसवली. पुन्हा बीप. मग शेजारच्या मशिनीची पट्टी लावून बघितली, तर सुरू. म्हणजे पट्टी गेली. "पुरानी झाली," म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात बाजारभर हिंडून तसलीच एक जुनी पट्टी शोधून आणली. केवढे खूश होते! मी त्या पट्टीलाही पॉलिश लावलं.

असं चार मशिनींचं केलं. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. सगळ्यांना सांगायला कारण तयार होतं — मुलगी दहावीला जाणार, तिला अभ्यासाला खोली हवी. कुणीही मान डोलावली असती. पण ते कारण नव्हतं. मुलगी बाहेरच्या खोलीत मजेत अभ्यास करायची, तिला ना खोली हवी होती ना शांतता. खरं कारण हे, की माझा पुण्याचा भाऊ आणि वहिनी पहिल्यांदाच आमच्याकडे यायचे होते. त्याचा मोठा फ्लॅट, वहिनीची बँकेतली नोकरी. त्या खोलीचं दार उघडून वहिनी विचारणार, "हे काय गं?" आणि मी सांगणार, ह्यांचा बंद पडलेला क्लास. मला ते नको होतं. नवऱ्याचं अपयश झाकणं घालून ओळीने मांडून ठेवलंय, असं मला वाटायचं. मला लाज वाटत होती. बस, एवढंच. ज्या मशिनींसमोर मला घर सापडलं, त्यांचीच लाज.

पण मशिनी बंद पाडणं हा माझा सगळ्यात मोठा गुन्हा नाही. थांबा, सांगते.

मी कुठल्या मशिनी निवडत होते? ज्यांचे स्क्रू ह्यांनी नुकतेच ढिले केलेले असायचे, त्या. मला उघडायला सोपं पडायचं, दुसरं काही डोक्यात नव्हतं. पण ह्यांच्या बाजूने बघा. जी मशीन रविवारी उघडली, तीच पुढच्या रविवारी बंद. ज्या उघडल्या नाहीत, त्या ठणठणीत. माणसाने काय समजावं? तिसऱ्या वेळी हे हसत म्हणाले, "माझ्या हाताला काय झालं यार?" चौथ्या वेळी हसले नाहीत. नुसते तळहाताकडे बघत बसले.

आणि मग मला हाक मारली. "तू बघ जरा. तुझा हात हलका आहे."

मी गेले. पदर खोचून त्यांच्या शेजारी फरशीवर बसले, गोपालपुऱ्यात बसायचे तशी. पट्टी हातात घेतली. न्हाणीघराच्या फळीवर नेलपॉलिश काढायचं औषध होतं. कापसाचा एक बोळा, अर्धा मिनिट — मशीन सुरू झाली असती. माझ्या हातून सुरू झाली म्हणून ते वेड्यासारखे आनंदलेसुद्धा असते. मला हे सगळं त्या क्षणी दिसत होतं. मी खोडरबर घेतलं आणि पट्टीवरून फिरवलं, अगदी अलगद, पॉलिश चुकूनही निघू नये इतक्या बेताने. बसवली. लांब बीप आला. मी म्हटलं, "नाही होत. जाऊ द्या आता."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास होता ना.

तीन मशिनी अजून चालू होत्या. मला वाटलं होतं, चार जातील, तीन एका कोपऱ्यात मावतील, खोली मोकळी होईल, ह्यांचा रविवारही राहील. किती शहाणी मी! पण त्या तिघींना ह्यांनी परत हातच लावला नाही. "लावला तर त्याही जातील," म्हणाले. एका सकाळी भंगारवाल्याला बोलावलं. चौघींवर स्वतः खडूने 'कंडम' लिहिलं. तिघींवर काही लिहिलं नाही. मग भंगारवाल्याला म्हणाले, "सब ले जाओ, भैया." सातच्या सात.

मी म्हटलं, "अहो, ह्या तर चालू आहेत." माझ्या तोंडून हे निघालं, बघा! चोर तो चोर. हे म्हणाले, "राहू दे. कोणाच्या तरी हाताने चालतील." बापाचा कायदा माझ्या देखत मोडला आणि आत जाऊन अंघोळीला बसले. भंगारवाल्याने झाकणंही मागितली. मी काढून दिली.

भाऊ आला, वहिनी आली. दोघं दोन रात्री त्या खोलीत झोपली, उकडतं म्हणाली आणि गेली.

त्यानंतर ह्यांनी स्क्रू काढायचा पेचकस हातात घेतला नाही. पूर्वी गल्लीतले लोक मिक्सर, इस्त्री, कूलरची मोटर घेऊन यायचे, "शरदजी, जरा देख लो." हे सुट्टीच्या दिवशी दारातच बसून नीट करून द्यायचे, वर चहाही पाजायचे. आता कुणी आलं की म्हणतात, "मेरे हाथ का भरोसा नहीं, कारीगर को दिखाओ." लोकांनी येणं सोडलं. मुलीला वाटतं बाबांना असल्या कामांचा आळस आहे. ती चेष्टा करते, आणि हे ऐकून घेतात.

किती वेळा ठरवलं सांगायचं. एकदा तर दोघंच बसने सांगानेरला चाललो होतो, वाक्यसुद्धा जुळवलं होतं. पण सांगितलं तर काय होईल, हे मला माहीत आहे. हे रागावणार नाहीत. खिडकीबाहेर बघतील आणि त्या दिवशी फरशीवर शेजारी बसून मी काय करत होते, ते आठवतील. ते त्यांनी आठवू नये, म्हणून मी गप्प आहे. म्हणजे पुन्हा स्वतःसाठीच.

गेल्या आठवड्यात भिंतीवरच्या घड्याळाचा सेल संपला. हे स्टुलावर चढले, घड्याळ उतरवलं, नवा सेल आणून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "तू घाल. मी लावला तर बिघडेल." मला वाटलं थट्टा करताहेत. वर बघितलं तर चेहरा अगदी साधा, सवयीचा. मी सेल घालेपर्यंत हे बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले, जवळसुद्धा थांबले नाहीत. तिथूनच विचारलं, "चाललं का?"

"चाललं," मी म्हटलं.