इस्माईल ड्रायव्हर बिडी ओढत नव्हता

"तुमचा बिडीवाला गेला की, भाऊ," कुसगावचा दूधवाला माप ओतता ओतता म्हणाला. "चार दिस ताप व्हता. काल सांच्याला माती दिली. तुमी न्हाई दिसला तितं?" मी नुसतं 'अं' केलं आणि भांडं घेऊन आत आलो. बायकोने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, इस्माईल ड्रायव्हर. ती म्हणाली, बरोबर होता ना तुमच्या कंपनीत? आणि मी नेहमीसारखं पुढचं काही सांगितलं नाही. या गोष्टीला आता दीड महिना झाला. इतकी वर्षं मी जे कोणालाच सांगितलं नाही ते आज लिहायला बसलो आहे. गेलेल्या माणसाचे गुण आठवून लिहिण्याचा आपल्याकडे रिवाज आहे. मला मात्र त्याच्याबद्दल लिहायचं तर आधी माझ्याबद्दल लिहावं लागेल.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. लोणावळ्यात एका शेठच्या मोटार कंपनीत मी कारकून होतो. मुंबईहून पेट्रोलचे डबे लॉरीत भरून घाटाने वर आणायचे आणि मावळात जिथे जिथे मागणी असेल तिथे, पार टाकव्यापर्यंत, पोचवायचे हा धंदा. माल मोजून घ्यायला खेपेबरोबर मी जायचो. इस्माईलभाई चालवायचा. तो कुसगावचा, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, तरी मला भाऊच म्हणायचा. लॉरीला त्याने 'सासू' नाव ठेवलं होतं. चढावर इंजिन कण्हायला लागलं की म्हणायचा, "वरडू द्या सासूला. सपाटीला लागली की गप बसती." वळणावर मी डोळे मिटून घ्यायचो. तो हसायचा. "उघडा डोळं, भाऊ. चालवतोय मी, घाम तुमाला!" बिडी-तंबाखू-पान, काही म्हणजे काही नाही. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नसे. डब्यांचा माल घेतला की लॉरीपासून वीस पावलांवर कोणी काडी ओढली तरी तो धावून जायचा आणि आईबहिणीवरून बोलायचा. नंतर स्वतःच माफी मागायचा.

शेठचा एक नेम होता. खेप घाट चढून आली की घाटमाथ्यावरच्या देवीच्या ठाण्यापाशी लॉरी उभी करायची आणि कापूर पेटवून गाडीवरून ओवाळायचा, पुढच्या चाकापासून मागच्या फळीपर्यंत. ते काम माझ्याकडे असे, आणि मी ते मनापासून करायचो. एवढे डबे, एवढा घाट, सुखरूप वर आलो, देवीला एक वडी कापूर लावायला काय हरकत? शेकडो डबे पेट्रोल आणि त्याच्याभोवती जळता कापूर, यात काही चुकतंय असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. एकाच्या आलं होतं म्हणा...

त्या दिवशी चैत्राचं ऊन होतं. लॉरी उभी राहिली आणि इस्माईलभाई खाली उतरून मागे गेला, वाकला, हुंगला. "भाऊ, आज कापूर नको. एकादा डबा उकललाय. वास मारतोय." मी म्हटलं, वास तर दर खेपेला येतो. तो म्हणाला, "ह्यो तसला न्हाई. उद्या दोन वड्या लावा देवीला, मी आनून देतो." मला राग आला. खरं सांगायचं तर, आमच्या देवीच्या कामात याने का बोलावं, असं माझ्या मनात आलं. तोंडाने बोललो नाही, पण आलं. तो डबा शोधायला वर चढत होता तेवढ्यात मी कापूर पेटवला आणि ओवाळत मागे गेलो.

आवाज मोठा झाला नाही. फस्स झालं आणि मागची फळी पेटली. मी मागच्या मागे पडलो. पलीकडे झाडाखाली मोळीविक्या बायका डोक्यावरचं ओझं उतरवून टेकल्या होत्या, पाच-सहा जणी. इस्माईलभाईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पळण्याऐवजी लॉरीत जाऊन बसला. पेटलेली लॉरी त्याने माळाकडे घातली, चांगली दोनशे पावलं. उतरायला गेला तेव्हा दाराची कडी तापून लाल झाली होती. ती त्याने दोन्ही हातांनी उघडली. मला एवढंसुद्धा भाजलं नाही.

चौथ्या दिवशी शेठ आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "कापूर लिहिलास तर तो माझ्या हुकमाने लागत होता असं होईल. लावणारा तू. दोघंही आत जाऊ. ड्रायव्हर बिडी ओढत होता असं लिही. मालाजवळ बिडीला बंदी आहे, पाटीच आहे तशी. मग कंपनीकडे काही येत नाही." मला तेव्हा कायदा ठाऊक नव्हता, शेठला होता. कामावर असताना जायबंदी झालेल्या कामगाराला मालकाने भरपाई द्यायची असते, चूक कोणाची हे फारसं न बघता. मात्र सुरक्षिततेसाठी घातलेला नियम त्याने जाणूनबुजून मोडला असं ठरलं, तर मालक सुटतो. त्या एका पळवाटेसाठी शेठला बिडी हवी होती. मी लिहून दिलं. माझं अक्षर चांगलं. दवाखान्यात गेलो आणि इस्माईलभाईला म्हणालो, दवाखान्याचा कागद आहे, निशाणी कर. अंगठा उठण्याजोगा राहिलाच नव्हता. फडक्यात गुंडाळलेल्या त्याच्या हातात टाक धरवून, वर माझा हात ठेवून, मी फुली काढली. त्याने विचारलं, "त्या बाया ठीक हायेत नव्हं?" मी म्हटलं, हो. खाली साक्षीदार म्हणून सही केली.

सहा-सात महिन्यांनी पुण्याला भरपाईचे दावे ऐकणाऱ्या कमिशनरांपुढे सुनावणी झाली. कोणी भल्या वकिलाने त्याचा अर्ज मुदतीत टाकला होता. तिथे तो कागद वाचला गेला आणि आपण काय कबूल केलंय हे इस्माईलभाईने पहिल्यांदा ऐकलं. तो उभा राहिला. "साहेब, मी बिडी वडत न्हाई. कापूर व्हता." शेठचा वकील हसून म्हणाला, "आता देवीवर ढकलतोय." मागे दोघं-तिघं हसले. मग साहेबांनी मला विचारलं. इस्माईलभाई माझ्याकडे बघत होता, रागाने नव्हे, घाटाच्या वळणावर बघायचा तसा, हे काय घाबरलं म्हणून. मी म्हणालो, "होय साहेब, ओढत होता." दावा फेटाळला गेला. त्यानंतर त्याने कापराचं नाव कुठेच काढलं नाही. देवीवर ढकलतोय हे बाजारात पसरलं असतं तर त्याच्या घरच्यांनी कुठे तोंड दाखवायचं?

हात आखडले ते आखडलेच. त्याच्या बायकोवर, हमीदावहिनींवर, गवत विकायची पाळी आली. तो मोटार स्टँडवर येऊन बसे आणि मालाची लॉरी आली की उठून, वाकून, खालून हुंगे. गळका डबा त्याच्यामुळे किती वेळा सापडला असेल! पोरगेले ड्रायव्हर ओरडायचे, "बिडीवाले चाचा, काडी हाय का काडी?" तो कधी हसण्यावारी न्यायचा, कधी खाली बघायचा. मी समोरून जात असलो तर चाल वाढवायचो. एकदा त्याने मला गाठलंच. "भाऊ, भरपाईचं ऱ्हाऊ द्या. तिची मुदत ग्येली म्हनत्यात. पर त्यो कागद तेवढा फिरवा. गाडी मी न्हाई पेटवली, एवढंच लिवा." मी म्हणालो, बघतो. पुढे शेठ धंदा विकून निघून गेला. नोकरीची भीती संपली. दुसरी कसलीही नव्हती. तरी बाजारात भेटलो की मी बघतो म्हणायचो आणि तो "बघा भाऊ" म्हणायचा. शेवटचं दिवाळीआधी भेटलो तेव्हाही तेवढंच.

तो गेल्यावर मी जबानी लिहिली आणि वडगावला वकिलाकडे नेली. वाचून ते म्हणाले, "आता काय उपयोग? दावेदार नाही, मुदत नाही. निकाल आहे तसाच राहणार." कागद घेऊन मी कुसगावला गेलो. हमीदावहिनी अंगणात गवताचे भारे बांधत होत्या. मी उभ्याउभ्याच वाचून दाखवला. त्या भारा आवळत राहिल्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "मला कशापायी वाचून दावता? मला ठावं न्हवतं व्हय? ज्यांनी त्यास्नी बिडीवाला म्हनलं त्यास्नी वाचून दावा."

बाजाराच्या दिवशी मोटार स्टँडवर उभा राहून मी तो वाचला. मागच्यांना ऐकू जात नव्हतं. एक जण म्हणाला, "मोठ्यानं, कारकून! तवा तर लय मोठ्यानं बोलला आसाल." पुन्हा पहिल्यापासून वाचला. एक म्हातारा ड्रायव्हर थुंकला आणि निघून गेला. काडी मागणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, "मंग तवाच का न्हाई सांगितलं?" मी कागदाची घडी करून खिशात घातली. जे स्टँडवर नव्हते त्यांच्यासाठी हे छापायला दिलं आहे. जळाऊ माल वाहणाऱ्यांना एवढंच सांगतो, गळका डबा नाकारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि दवाखान्यात कोणी कागद पुढे केला, तो माझ्यासारखा ओळखीचा माणूस असला तरी, तो दुसऱ्याकडून वाचून घेतल्याशिवाय निशाणी करू नका.

वाचून झालं हे सांगायला परत कुसगावला गेलो. वहिनींनी बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी उंबऱ्याशी टेकलो. दिवेलागण झाली होती. त्या कंदील घेऊन उठल्या, माझ्याजवळून बाहेर गेल्या, अंगण ओलांडून पार बांधापर्यंत गेल्या. तिथे बसून त्यांनी कंदील पेटवला, काच खाली केली, वात नीट केली आणि काडी मातीत खुपसून पायाने दाबली. मग आल्या. मी न विचारताच म्हणाल्या, "घरात काडी वढलेली त्यास्नी खपायची न्हाई." आणि कंदील आत, इस्माईलभाईच्या मोकळ्या बाजेपाशी नेऊन ठेवला.