गुहेतली येळवस

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की सगळ्यात आधी टिंगल करते ती मीच. ‘हिला भास झाला असेल’ असं तुम्ही म्हणणार, माहितीये... मीही इतरांना आजवर हेच म्हणत आलेय.

माझ्या मामांचं शेत माकणीजवळ, तेरणेच्या काठावर. बांधाखाली दरडीत एक गुहा आहे. तोंडाशी वटवाघळं, आणि पार आत मोठ्या मडक्यांत पुरलेली माणसांची हाडं — किती जुनी, कुणालाच ठाऊक नाही. मामा त्यांना ‘थोरली माणसं’ म्हणतात. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, मामा आरोळ्या देत शेताभोवती ताक आणि ज्वारीच्या पिठाची अंबील शिंपडतात. त्याला चर शिंपणं म्हणतात. तेव्हा थोडी अंबील गुहेच्या तोंडाशीही पडते.

यंदा मी येळवशीला मुद्दाम गेले. वटवाघळांसाठी! पोचल्या पोचल्या गुहेकडे निघाले.

“आदी चर शिंपू दे की,” मामा म्हणाले. “थोरल्यांच्या आदी पंगतीला बसल्यागत हुतंय ते.”

“मामा, तुमचं होईस्तोवर माझी वटवाघळं पेन्शनीत जातील!” म्हणत मी सटकले.

आणि काय सांगू... छतभर वटवाघळं! रांगत आणखी आत गेले, तर मडकी. एकाच्या काठावर घडवणाऱ्याच्या बोटांचे ठसे अजून दिसत होते. मी आनंदानं ओरडायचीच बाकी होते.

तेवढ्यात खुळखुळ आवाज. साळिंदर! काटे फुलवून, पाठ माझ्याकडे करून मागं मागं येत होतं. मी घाईनं सरकले, टॉर्च हातातून निसटून फटीत गेला. मिट्ट अंधार. मोबाइल वर शेतात, पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या खोपीत, पिशवीत. चाचपडत निघाले ती भलत्याच बोळात शिरले. पुढे खडक, वळले तरी खडक. हाका मारून घसा बसला. आपण आता इथेच राहणार, या मडक्यांच्या शेजारी, असं खरंच वाटलं आणि रडू फुटलं.

आणि अगदी जवळून — “ओलग्या ओलग्या... सालन पलग्या!”

चर शिंपतानाची आरोळी! “मामा, इथंय मी!” पण आवाज पुढे पुढे जात राहिला आणि मी त्याच्या मागे रांगत राहिले. ताकाचा आंबूस वास आला. तोंडावर गार शिंतोडे उडाले. एक वळण घेतलं... आणि उजेड!

धावत खोपीपाशी गेले. मामा निवांत बसलेले. अंबिलीच्या मडक्याचं तोंड अजून फडक्यानं बांधलेलं.

“तुम्ही आत आला होतात ना?”

“म्या? तुजीच वाट बघत बसलोय की! चर शिंपायचाय अजून.”

मामींनी माझ्या गालावरून बोट फिरवून वास घेतला. “अवो, ही तर अंबीलच हाय!”

मामांनी गुहेकडे पाहून हात जोडले. मग म्हणाले, “म्हंजी थोरल्यांनी आपल्या आदीच शिंपला म्हणायचं.”

शेजारच्या रानातली आरोळी आत घुमली असेल, मान्य. पण गालावरची अंबील?

त्या दिवशी गुहेपाशी अंबील मी शिंपडली. आरोळीही मीच दिली, बसलेल्या घशानं, पुन्हा पुन्हा.

“बास की आता, लई झालं,” मामा हसले.

पण मी थांबले नाही. आत आणखी कुणी वाट चुकलेलं असलं तर?