मुग्धाच्या प्लाझ्मात आज भोवरे उठले

मंडळी, आज घरी जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

माझी धाकटी बहीण मुग्धा कळव्यातल्या आमच्या घरी बसून पीएचडीचं काम करते. स्टेलरेटर नावाच्या यंत्रात पिळदार चुंबकांच्या आधाराने प्रचंड तापलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा, कोंडून सूर्यासारखी ऊर्जा मिळवायची असते. त्यात बारीक भोवरे उठले की उष्णता बाहेर निसटते. भोवरे कमी उठतील असा चुंबकांचा आकार मुग्धाने शोधलेला. कॉम्प्युटरवर तो छान चालतही होता.

आज तिने तेच गणित आणखी बारकाईने चालवलं आणि भोवरे उठले. चांगलेच उठले.

ती स्क्रीनसमोर रडायलाच लागली. संध्याकाळी पीएचडीच्या सरांबरोबर ऑनलाइन मीटिंग होती. मी म्हटलं, "अगं, आजचं नको ना दाखवूस. आधीचं आहे की!"

"ताई, उद्या कुणी खरंच असे चुंबक बनवले तर?"

मी चहा केला आणि तिच्या शेजारी बसून राहिले.

मीटिंगमध्ये तिने सगळ्यात आधी आजचंच दाखवलं. सरांनी ते दोनदा नीट पाहिलं. मग म्हणाले, "वाईट मलाही वाटतंय, मुग्धा. पण आपल्यालाच सापडलं, हे बरं झालं. पेपर छापायला पाठवायचं थांबवू, आकार पुन्हा बघू."

कॉल संपल्यावर ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून परत रडली, पण या वेळी मोकळं.

लपव म्हटलं ते मायेपोटीच हो. आपल्या माणसाची मेहनत अशी डोळ्यांदेखत कोसळते, तेव्हा तुम्ही त्याला काय सांगता?