खोकनचा आवाज मी कुठे ठेवला

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. आई शेवटची आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी बसून सगळं भडाभडा बोलून टाकावंसं वाटलं होतं — तेव्हाही नाही. आज तुम्हाला सांगायला बसले आहे. मी जन्माची भित्री, बरं का. झुरळाला भिते, शाळेत बाईंना भ्यायचे, आप्पांच्या नुसत्या खाकरण्याला भ्यायचे. त्या भित्रेपणाला घरात सगळे हसायचे, मीही हसायचे. पण त्या भित्रेपणानं मी जे केलं ते — थांबा. आधी खोकन कोण ते सांगते.

आप्पा केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते. बदलीवर कोलकात्याला गेले आणि आम्ही तिथे बरीच वर्षं राहिलो. दक्षिण कोलकात्यात एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही, खाली घरमालकीण. त्यांना मी माशिमा म्हणायचे, बंगालीत मावशीला म्हणतात तसं. विधवा बाई, शाळेत शिकवायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा खोकन. तो इंजिनिअरिंगला होता, मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करत होते. त्यानं मला नावानं कधी हाक मारली नाही. म्हणायचा, बोर्गी. आपल्या मराठा स्वारांनी त्याच्या दोनशे वर्षं आधी बंगालात लूटमार केली होती ना, त्यांना तिकडे बोर्गी म्हणतात. अजून तिथल्या आया पोरांना त्यांची भीती घालून झोपवतात. आणि ही बोर्गी कोण, तर पालीला बघून किंचाळणारी मी!

खोकननं परदेशी रेडिओवर कुठेतरी यंत्रांचं संगीत ऐकलं होतं. ना सतार ना तबला, नुसते विजेचे आवाज. तेव्हापासून त्याला वेड लागलं. आमच्याकडे खिदिरपूरच्या गोदीत बोटीवरून उतरलेला एक टेपरेकॉर्डर होता, आप्पांनी हौसेनं घेतलेला. खोकननं मोडक्या भागांतून स्वतःचा दुसरा उभा केला. बिस्किटांच्या डब्यात एक ऑसिलेटर बसवला — बटण फिरवलं की घूंऽऽ करत खालून वर जायचा. आणि एक तीन बटणांची पेटी. एका बटणावर टेपवरचा आवाज, दुसऱ्यावर डब्यातला, तिसऱ्यावर माइक. तिन्ही मिसळून त्याच्या टेपरेकॉर्डरवर उतरवायचे. हे सगळं आमच्या वरच्या खोलीत पसरलेलं असायचं. आई वैतागून म्हणायची, हे संगीत आहे की गिरणी?

मला काही येत नव्हतं हो. मी तिन्ही बटणं एकदम वर न्यायचे आणि सगळ्याची खिचडी व्हायची. खोकन कपाळाला हात लावायचा. बोर्गी, लुटायचं नाही, वाटून द्यायचं, म्हणायचा. एक आवाज पुढे आणायचा असेल तर दुसऱ्याला मागे घे. आणि त्यानं एक शिकवलं होतं, ते मात्र मला पहिल्या झटक्यात समजलं. एकाच पट्टीतले दोन आवाज एकत्र आले की मोठा धाकट्याला गिळतो. धाकटा तिथेच असतो, फक्त कुणाला ऐकू येत नाही. हे त्यानं मला शिकवलं. त्यानंच.

सत्तरनंतरची ती वर्षं. तुम्ही ऐकून असाल. नक्षलांची धरपकड चालू होती, कुठे बॉम्ब, कुठे भिंतीआडून गोळी. घरात चार वायरी आणि बॅटरी दिसल्या तरी पोरगा बॉम्ब बनवतो म्हणायचे. संध्याकाळी आप्पा घरी येईपर्यंत आई दारातून हलायची नाही. खोकन त्यांच्यातला होता का? मला माहीत नाही. आजही नाही. मी विचारलंच नाही कधी — विचारायला भीत होते.

तो रविवार होता, दुपार. माशिमा सियालदह स्टेशनवर बहिणीला गाडीत बसवून द्यायला गेल्या होत्या. आई-आप्पा आत झोपले होते. आम्हाला गल्लीतले आवाज हवे होते, दुपारी पाट्याला टाकी लावणारा यायचा, त्याची 'शिल काटाऽओ' अशी लांब आरोळी. खोकननं माइक गॅलरीच्या कठड्याला बांधला, टेप सुरू केली आणि जेवून येतो म्हणून खाली गेला.

आरोळी आली. मग गाडी थांबल्याचा आवाज आला.

साध्या कपड्यातली माणसं होती. दार धडधडलं, खुर्ची पडली, भांडं पडलं. मी गॅलरीत होते — हो, होते. खाली बसले, कठड्याच्या आड, गुडघ्यात डोकं घालून. समोरच्या घरांच्या खिडक्या एकेक करून लागत गेल्या. एक माणूस कुणाला तरी म्हणाला, "बडोबाबू, गाडी मागे घेऊ?" बडोबाबू म्हणजे ठाण्याचा मुख्य अधिकारी. आणि मग खोकन ओरडला. वर बघून ओरडला असणार. पहिल्यांदा त्यानं मला नावानं हाक मारली.

"शोइला! माके बोलिश, थानाय निये जाच्छे!"

शैला, आईला सांग, ठाण्यात नेतायत. एवढंच. काही अवघड निरोप होता का? लहान पोरानंही पोचवला असता. मी उठलेसुद्धा नाही. गाडी गेली, आणि माझ्यामागे खोलीत टेपची चाकं शांतपणे फिरत होती.

माशिमा परत आल्या, खालचं घर तसं बघून धावत वर आल्या. तू घरी होतीस ना, काही ऐकलंस का? — मी म्हणाले, झोपले होते. हे शब्द मी ठरवून बोलले नाही. ते तयारच होते तोंडात. आई मागून म्हणाली, हो हो, आम्ही सगळेच झोपलो होतो. ती बिचारी खरंच झोपली होती.

ठाण्यात त्यांना सांगितलं, आम्ही कुणालाच आणलेलं नाही. पोरगा पळाला असेल. विरोधी गटानं नेला असेल. गल्लीत विचाराल तर कुणी काही पाहिलं नाही. आठवडाभरानं माशिमा पुन्हा वर आल्या. वकील म्हणतात, एक माणूस हवं. त्याला ठाण्याच्या लोकांनी नेलं एवढं सांगणारं एकच माणूस, मग कोर्ट विचारेल त्यांना, मुलगा कुठे आहे म्हणून. त्यांनी माझे दोन्ही हात धरले होते. मी पुन्हा म्हणाले, झोपले होते. तोवर तो जिवंत असेल का? असेल. ह्याच विचाराला मी आजही भिते. कारण माझ्याकडे नुसतं तोंड नव्हतं, पुरावा होता. बडोबाबू होता, खोकन होता. आणि माझं नाव होतं. त्या टेपवर माझं नाव होतं, आणि मला फक्त तेवढंच ऐकू येत होतं.

पाचावर धारण बसली होती माझी. आप्पांची सरकारी नोकरी जाईल, मला नेतील, मुलीला नेल्यावर काय होतं त्याच्या गोष्टी कॉलेजात कुजबुजत सांगितल्या जायच्या. टेप कपाटात ठेवली तर कपाटाकडे पाठ करून झोप लागेना. पुसून टाकावी, तर बोट बटणावर थिजायचं. तो ओरडत होता ना त्यात. जिवंत होता.

मग मी काय केलं? मी मिक्सिंग केलं.

टेप अर्ध्या वेगानं लावली. त्या वेगानं माणसाचा आवाज जड, खोल, कण्हल्यासारखा होतो. डब्यातला ऑसिलेटर त्याच पट्टीत आणून लावला आणि हळूहळू वर घेतला, अगदी शिकवल्याप्रमाणे. खोकन बुडाला. तिथेच होता, आणि नव्हता. मग मूळ टेप पुन्हा रेकॉर्डवर टाकली आणि खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. माइक काढायचंही सुचलं नाही. आधीचं सगळं पुसलं जाऊन त्या टेपभर नुसता छताच्या पंख्याचा आवाज भरला गेला.

आणि खरं सांगू? तो तुकडा चांगला झाला होता. पहिल्यांदाच खिचडी झाली नव्हती. मला तो आवडला. हे सांगताना माझी मलाच किळस येते, पण आवडला.

आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात तो लागला. गल्लीतल्या आवाजांचा एक तुकडा करून वाजवायचा असं मी आणि खोकननं मिळून आधीच ठरवलं होतं, कार्यक्रमात नाव छापलं होतं. काढून घेतला असता तर का काढला म्हणून विचारलं असतं कुणी. म्हणजे तेही भीतीनंच. लोकांना आधी स्पीकर बिघडला वाटलं. मागून एक काका म्हणाले, अरे कुणीतरी वायर बघा रे! पोरं हसली. आणि पहिल्या रांगेत माशिमा बसल्या होत्या. खोकनचं आहे म्हणून आल्या होत्या, पांढरं इस्त्रीचं पातळ नेसून. संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाल्या, "ह्यात खोकन आहे."

मी म्हणाले, माशिमा, यंत्र त्यानं बनवलंय ना, म्हणून तसं वाटतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग मनगट सोडलं आणि गालावरून हात फिरवला. हो, म्हणाल्या, तसंच असेल.

पण तेव्हापासून दर रविवारी त्या वर यायला लागल्या. तो तुकडा लाव म्हणायच्या. डोळे मिटून, मान जराशी कलती करून ऐकायच्या. मी चहा करायला आत जायचे आणि स्टोव्हजवळच उभी राहायचे. आज कळेल. आता हाक ओळखतील. कधी ओळखलीच नाही — की ओळखली होती आणि माझ्याकडून ऐकायची वाट बघत होत्या? मला माहीत नाही. तुकडा संपला की त्या थँक्यू म्हणायच्या. मला!

पुढे आप्पांची नागपूरला बदली झाली. त्या बातमीनं मला इतका आनंद झाला की मी रडले. आईला वाटलं, कोलकाता सोडवत नाही पोरीला. खोकनचा टेपरेकॉर्डर आम्ही खाली माशिमांकडे पोचवला. त्यांनी एकच गोष्ट मागितली — ती टेप. म्हणाल्या, रेडिओत माझा एक विद्यार्थी आहे, त्याला ऐकवते, ह्यातला खालचा आवाज वेगळा काढता येतो का बघेल.

देते म्हणाले. वर गेले. दोन्ही टेपा समोर होत्या, एकसारख्या डब्यांत. ती मिसळलेली टेप मी माझ्या ट्रंकेत तळाशी टाकली. नागपूरला पोचल्यावर बंबात जाळली. माशिमांच्या हातात मी दुसरी दिली. त्यांनी ती पदराखाली घेतली आणि गाडीसाठी नारळाच्या वड्यांचा डबा माझ्या हातात दिला.

हावड्याहून गाडी संध्याकाळी सुटली. माशिमांनी तोवर दार लावून घेतलं असेल. टेप लावली असेल, आणि पंखा ऐकू आला असेल. त्या मध्येच बंद करणाऱ्या बाई नव्हत्या. आत्ता येईल, आता येईल म्हणत त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली असणार, मग उलटवून दुसरी बाजू लावली असणार.

मी खिडकीशी बसले होते. भीती गेली होती, भूक लागली होती, आणि मी डबा उघडून वड्या खाल्ल्या.