मागांच्या सुट्टीचा दिवस

आमच्या घराला खेटून टॉवेलचा कारखाना आहे. माग चालू असले की वरच्या मजल्याची फरशी तळपायाला बारीक थरथरते आणि खिडक्यांची तावदानं वाजतात. वाजू नयेत म्हणून आम्ही फटींत पुठ्ठ्याच्या घड्या कोंबून ठेवतो.

दादा पुण्याला गेल्यावर वरची खोली मी घेतली होती. टेबल, लॅपटॉप आणि आतून लागणारी कडी. बाबांनी ती भाड्यानं द्यायचं ठरवलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही.

खोली बघायला बँकेतल्या एक बाई येणार होत्या, करकंबहून बदली झालेल्या. बाबांनी त्यांना मुद्दाम कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी बोलावलं. सकाळीच पुठ्ठे काढून कपाटावर टाकले.

"शांत हाय की खोली," बाई म्हणाल्या.

"नेहमीच शांत असते," बाबा म्हणाले.

आई चहा घेऊन वर आली आणि फरशी हलली. तावदानं खडखडली, बंद पंखा झुलायला लागला. भूकंपात टेबलाखाली जायचं, हे शाळेत आमच्याकडून इंग्रजीतून घोकून घेतलं होतं. मी जागची हलले नाही. आईनं सवयीनं ट्रेमधल्या कपांवर तळहात धरला. आज सुट्टी आहे हे तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

"घाबरू नका हो ताई, माग सुरू झाले. रोजचंच आहे. आठ दिवसांत सवय होते."

बाबा आईकडे बघत राहिले. तेवढ्यात गल्लीतून ओरडा आला, "भूकंप! भायेर या!"

आम्ही सगळे खाली उतरलो. गल्लीत प्रत्येकाच्या कानाला फोन होता. कुणाच्या मोहोळच्या मावशीला जाणवला होता, कुणाच्या विजापूरच्या सासूला. पडलं-झडलं कुठंच काही नव्हतं. बाबांचा चेहरा खुलला.

"बघा ताई, भूकंप होता. मागांचा काही संबंध नाही!"

"व्हय, पण वहिनी रोजचंच म्हणाल्या की."

"यांच्याकडं रोज भूकंप होतोय बाई!" समोरच्या काकू म्हणाल्या, आणि गल्ली हसली. आईसुद्धा.

बाई कळवते म्हणाल्या. संध्याकाळी फोन करून त्यांनी नको म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माग सुरू झाले. खाली बाबा अजून आईला बोलत होते. मी कपाटावरचे पुठ्ठे काढले, एकेक तावदान दाबून पुन्हा फटींत बसवले आणि कडी लावली.