पाटीवर आडनाव नको

"अंगठा इकडं दे, मावशी. नाटकं नको करू."

असं म्हणून सोसायटीच्या सचिवानं माझं मनगट धरलं. धरलं कसलं, पिळलं. दुसऱ्या हातानं शाईची डबी पुढं ओढली आणि माझा अंगठा तिच्यात दाबला. मी हात ओढून घेतला. त्यानं पुन्हा धरला. फ्लॅट विकणारे साहेब माझ्या मागं उभे होते, माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून. मी उठू नये म्हणून. टेबलावर एक कागद होता. त्यावर माझ्या लेकीची, सुजाताची सही झालेली होती. माझीच बाकी होती.

अंगठा कागदाला टेकला. अर्धा. मग मी खाली वाकले आणि सचिवाच्या हाताला कडकडून चावले. तोंडात रक्त आलं. खारट. सोडलं नाही. त्यानं दुसऱ्या हातानं माझ्या कानाखाली मारली, पुन्हा मारली. मी खुर्चीसकट आडवी झाले. दातानं ओठ फाटला.

"यांना घर देऊन राहिले तुम्ही, साहेब? यांना?" तो ओरडला. मग त्यानं आमच्या जातीचं नाव घेतलं. माझ्या बापानं दीक्षेच्या दिवशी जे मैदानावर टाकून दिलं होतं, ते नाव. त्याच्यापुढं एक शिवी लावली.

मी सदुसष्ट वर्षांची आहे. जन्मात कोणाला चावले नव्हते. हे कसं झालं ते पहिल्यापासून सांगते. मला मधेच इकडंतिकडं जायची सवय आहे, तेवढं सांभाळून घ्या.

कळमन्याच्या बाजार यार्डात मी एकतीस वर्षं मिरचीचे देठ खुडले. भिवापूरची मिरची आली की आम्ही बाया ढिगाभोवती बसायचो. संध्याकाळी हात असे पेटायचे की लेकराला जवळ घ्यायची भीती वाटायची. लिहावाचायला मी तिथंच शिकले. मिरचीच्या बोऱ्यांवरची अक्षरं पाहून. मग सुजाताच्या पुस्तकांवरून. शाळेत मी एक दिवस गेले नाही, पण पेपर पूर्ण वाचते, आणि वाचल्यावर बोलते, हे माझ्या लेकीला आवडत नाही.

सुजाता नर्स आहे. खाजगी दवाखान्यात. नवरा दोन वर्षांत सोडून गेला, ती माझ्याकडं परत आली. आम्ही दोघी आजवर नऊ खोल्यांत राहिलो. मग ती म्हणाली, "आई, आता आपलं घर घ्यायचं. कोणी निघा म्हणणार नाही असं." मला एवढं बरं वाटलं की मी यार्डाचे सगळे साठवलेले पैसे काढून दिले. म्हणून कागदांवर माझंही नाव.

घर धरमपेठेपासून पायी दहा मिनिटांवर. जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही. गॅलरीत सकाळचं ऊन येतं. साहेब मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले, गोड बोलणारे. दलालानं ओळख करून दिली ती "सुजाता सिस्टर आणि त्यांच्या आई" अशी. साहेबांनी चहा दिला. बाईंनी मला बालुशाही खा म्हणून आग्रह केला. टोकन तिथंच घेतलं.

मग वकिलाकडं बयाणापत्र झालं, म्हणजे इसाराचा कागद. तिथं आधार कार्ड लागलं. साहेबांनी आमची पूर्ण नावं वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"अच्छा," म्हणाले.

बस. एवढंच. पण त्या दिवसानंतर चहा नाही.

टोकन घेऊन बसले होते म्हणून साहेबांना सरळ नाही म्हणता येईना. बयाणापत्रात एक ओळ होती: तीन महिन्यांत आमच्यामुळं खरेदी झाली नाही तर बयाणा बुडाला. बँक म्हणाली, सोसायटीचं ना-हरकत पत्र आणा, तरच कर्ज. आणि ते पत्र सचिवाच्या हातात.

घर घ्यायचं म्हणजे घराचे पैसे द्यायचे, असं मला वाटायचं. तसं नसतं हो. वकील वेगळा, स्टँप वेगळा, बँकेचा माणूस भिंती मोजायला येतो त्याचं वेगळं. तेवढं आम्ही धरलं होतं. सचिवाचं धरलं नव्हतं. आधी म्हणाला पंप दुरुस्तीचा वाटा भरा. भरला. मग पार्किंगचं भरा. आमच्याकडं सायकलही नाही, तरी भरलं. मग म्हणाला अध्यक्ष गावाला गेले, पुढच्या आठवड्यात या. सातदा गेलो. सातही वेळा त्यानं मला खालच्या ऑफिसबाहेर पंपाच्या मोटारीजवळ उभं ठेवलं. सुजाता दोन-दोन ड्यूट्या करायला लागली. एक दिवस वॉर्डातच चक्कर येऊन पडली. तिच्याच दवाखान्यात तिलाच सलाईन.

चार दिवस उरले तेव्हा फोन आला. पत्र तयार आहे, दोघी या.

गेलो. या वेळी आत बसवलं. साहेबही आलेले. सचिवानं पत्र दाखवलं, शिक्का वगैरे मारलेलं, आणि स्वतःच्या हाताखाली ठेवलं. मग दुसरा कागद पुढं सरकवला.

"हमीपत्र आहे. सह्या करा अन् पत्र घेऊन जा."

सुजातानं पेन उचललं. मी पिशवीतून चष्मा काढून लावला.

"वाचण्यासारखं काही नाही त्यात, मावशी. फॉर्मॅलिटी आहे."

"असू द्या. वाचते."

मी बोट ठेवून वाचते. वेळ लागतो. सचिव टेबलावर किल्ली वाजवत बसला. मांस-मच्छीचा वास बाहेर येऊ देणार नाही. गच्चीवर मिरची वाळवणार नाही. जयंतीला गॅलरीत झेंडा, रोषणाई करणार नाही.

"तुमच्या गणपतीची रोषणाई असते न?" मी विचारलं.

"ती सोसायटीची असते."

पाचवं कलम वाचून मी थांबले. पुन्हा वाचलं. खरेदीदार दारावरील तसेच खालील सामाईक पाटीवर फक्त प्रथम नाव लिहितील, आडनाव लिहिणार नाहीत.

"हे काहून?"

सचिव साहेबांकडं पाहायला लागला. साहेब फार मऊ आवाजात बोलले. "गैरसमज करून घेऊ नका. आम्ही जातपात मानत नाही. पण खालची पाटी येणारा-जाणारा वाचतो. उद्या कोणाला फ्लॅट विकायचा झाला तर भावावर फरक पडतो. तुमचाही फ्लॅटच आहे त्यात. तुमचाच फायदा."

"असं लिहून अजून कोणाकडून घेतलं?"

"अजून कोणाचा प्रश्न आला नाही."

मी हसले. खरं सांगते, हसू आलं. तेवढ्यात बाजूला सुजातानं सही केली.

"सुजे, काय करून राहिली वं?"

"आई, चार दिवस राहिले. कर न सही." मग खाली मान घालून हळू बोलली, पण त्या खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. "तूच त शिकवलं मले. आडनाव सांगू नको म्हणून. आता नवीन काय आहे त्याच्यात?"

पुढं सचिवानं मला जे मारलं, त्याहून जास्त हे लागलं. कारण ते खरं होतं.

सुजाता सात वर्षांची होती. चांगली शाळा जवळ पडावी म्हणून मी आपली वस्ती सोडून दुसऱ्या मोहल्ल्यात खोली केली होती. आडनाव लपवून. पोरीला रोज सकाळी घोकून घ्यायचे: कोणी विचारलं तर फक्त सुजाता सांगायचं. एक दिवस घरमालकिणीच्या मुलीशी खेळता खेळता ती पूर्ण नाव बोलून गेली. मालकीण दारात आली. आणि मी काय केलं? चुलीजवळचा चिमटा घेतला आणि मालकिणीच्या समोर माझ्या लेकराला मारलं. "खोटं बोलते कार्टी, आपलं आडनाव हे आहे का?" असं म्हणत मारलं. भुवईवर फुटलं, रक्त डोळ्यात गेलं. ती रडत म्हणत होती, "हेच आहे आई, शाळेत हेच लिहिलं आहे." मी आणखी मारलं.

संध्याकाळी मालकिणीनं आमची भांडी नालीत फेकली ती फेकलीच.

भुवईवर त्या जागी अजून केस येत नाहीत. सही करून मान खाली घातलेल्या माझ्या लेकीची ती भुवई मला त्या ऑफिसात दिसत होती. मी पोरीला भीती शिकवली होती, चिमट्यानं शिकवली होती, आणि ती धडा नीट पाठ करून बसली होती. हा सचिव तर कालचा माणूस. त्याच्या आधी हे कलम मी माझ्या लेकीच्या तोंडावर लिहिलं होतं.

मी कागद परत सरकवला.

"मी सही करत नाही. पत्र माह्या हक्काचं आहे, द्या."

"मग बयाणा गेला," साहेब म्हणाले.

"पाहू."

"पाहू म्हणजे? एक सही झाली आहे, अर्धा कागद घेऊन मी कमिटीसमोर काय नाचू?" सचिव उठला. सही कोणाकडून जबरदस्तीनं करून घेता येत नाही. हात हलतो. अंगठा घेता येतो. त्याला तेच सुचलं, आणि पुढचं मी सांगितलंच आहे.

सुजाता भिंतीला टेकून उभी होती. मला मारलं तेव्हा ती ओरडली नाही, पुढंही आली नाही. दोन्ही हात तोंडावर. मी तिला दोष देत नाही.

फाटक्या ओठानं मी चालत पोलीस ठाण्यात गेले. सचिव हाताला पट्टी बांधून गाडीवरून आधीच पोचलेला. ठाणेदारासमोर कागद. म्हणत होता, म्हातारीनं राजीखुशीनं अंगठा लावला, मग डोकं फिरलं.

"अंगठा तुमचाच?" ठाणेदारानं विचारलं.

"माहाच."

"मग?"

मी पिशवीतून बयाणापत्र काढलं. बँकेचा अर्ज काढला. पासबुक काढलं. एकेक पान त्याच्यापुढं ठेवलं. "इथं सही. इथं सही. इथं पण सही. पंधरा वर्षांत मी कुठंच अंगठा लावला नाही. मग याच कागदावर काहून लावीन, साहेब? आणि तोही अर्धा?"

त्यानं अंगठा पाहिला, सह्या पाहिल्या. सचिवाला बाहेर बसायला सांगितलं. मग मला म्हणाला, "मावशी, केस दोन्हीकडून होईल. तुम्ही चावल्या."

"चावले. लिहा."

अ‍ॅट्रॉसिटी लावायला त्यानं दिवसभर टाळाटाळ केली. ती लागेपर्यंत मी बाकावरून उठले नाही. तक्रार मी माझ्या हातानं लिहिली. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील. जातीचं नाव घेऊन दिलेली शिवी जशीच्या तशी लिहिली. सुजाताचाही जबाब झाला. तिनं जे पाहिलं ते सांगितलं, दोन वाक्यांत, खाली पाहून.

तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः आमच्या खोलीवर आले. ना-हरकत पत्र घेऊन. त्यात एकही अट नाही. हमीपत्र आपण फाडून टाकू म्हणाले. पाटीवर काय लिहायचं ते लिहा. फक्त तक्रार मागं घ्या. सचिवाला लेकरंबाळं आहेत.

सुजातानं पत्र हातात घेतलं. "आई, जिंकली न तू. आता घे. माह्यात ताकद नाही राहिली."

हे सगळ्यात कठीण होतं. मार खाणं सोपं असतं हो.

मी पत्र तिच्या हातातून काढून साहेबांना परत दिलं. पत्र माझ्या हक्काचं, तरी आधी त्याची किंमत माझं आडनाव होती. आता त्याची किंमत माझा मार झाली, मला दिलेली शिवी झाली. किंमत द्यायचीच नाही मला.

"मग घर विसरा," साहेब म्हणाले आणि गेले.

सुजाता त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. भाजी काय करू, गॅस संपला, एवढं. काल मात्र विचारलं, "तू मेल्यावर कोण जाईन त्या तारखांवर?"

घर मी विसरणार नाही. बयाणा त्यांनी घेतला, पत्र त्यांनी अडवलं, खरेदी करून द्यायला मी त्यांना कोर्टातून भाग पाडणार. मारल्याची केस वेगळी चालेल, चावल्याची माझ्यावर चालेल. तिन्ही चालू द्या. पाय आहेत तोवर प्रत्येक तारखेला मी जाणार, आणि पुकारा होईल तेव्हा पूर्ण नावानं हजर म्हणणार. मी मेल्यावर जायचं की नाही, ते माझ्या लेकीनं ठरवावं. मारून मी तिला आता काही शिकवणार नाही.

तक्रार मागं घेणार नाही.