दलालांनी येऊ नये

आमच्या घरात वह्यांना कव्हरं पत्रकांची असायची. बाबा गिरणीत होते. गेटसभेत वाटलेलं प्रत्येक पत्रक ते घडी करून घरी आणायचे आणि छापील बाजू आत ठेवून माझ्या वह्यांना घालायचे. मी ती काढून उलटी घालायचे आणि वर्गात वाचत बसायचे. जगातलं कुठलंही काम पत्रकाने सुरू होतं, असं मला बाविसाव्या वर्षीही मनापासून वाटायचं.

गिरण्यांचा संप मोडला. बाबांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. त्यांनी ठरवलं, कांदिवलीचं घर विकायचं आणि गावी जाऊन पिठाची चक्की टाकायची. घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर, बारा बिऱ्हाडांच्या सोसायटीत. ते विकल्याशिवाय चक्की नव्हती आणि चक्कीशिवाय बाबांना करण्यासारखं काही नव्हतं. दिवसभर ते खिडकीत बसून समोरच्या रस्त्यावरचे ट्रक मोजायचे. ते बघवत नव्हतं.

इमारतीखाली झेरॉक्सच्या दुकानात एक एजंट टेबल टाकून बसायचा. बाबांनी त्याला वर बोलावलं. वाईट माणूस नव्हता. शेअर सर्टिफिकेट कुठे आहे, वीजबिल कुणाच्या नावावर आहे, सगळं नीट विचारलं. चहा पिता पिता म्हणाला, "सोसायटीला चालेल असंच गिऱ्हाईक आणतो, काका. नको ते दारातच कापतो. दोन टक्के त्याचेच तर असतात."

"नको ते म्हणजे कोण?" मी विचारलं.

"तुला कळतंय गं ताई, कशाला तोंडून काढायला लावतेस?"

तो जिना उतरायच्या आत मी जाहीर करून टाकलं, की घर आपणच विकायचं, पत्रक काढून. आई तांदूळ निवडत होती. ताटावरून मान वर न करता म्हणाली, "तुझा ता पत्रक वाचून कोण येतलो गो?"

पत्रक म्हणजे पत्रकच होतं. मी कॉलेजपासून ज्या चळवळीच्या गटात होते, त्याच्या सायक्लोस्टाइल मशीनवर दोनशे प्रती काढल्या. त्यात सगळं खरं लिहिलं: पाणी पहाटे एकदाच येतं, पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे, जिन्यातला दिवा महिनाभर बंद आहे, पूर्ण रक्कम चेकने घेतली जाईल. शेवटी ठळक अक्षरांत: दलालांनी येऊ नये. कांदिवली आणि मालाडच्या बाजारात उभी राहून मी ती वाटली. एक प्रत एजंटच्याही हातात गेली. मला थांबवून म्हणाला, "ओल लिहिलीस? लग्नाच्या पत्रिकेत नवरीचा खोकला छापतात काय?"

पहिल्या आठवड्यात सहाजण आले. त्यातले पाच दलाल निघाले, गिऱ्हाईक बनून आलेले. एकाने तर मिसेस म्हणून एका बाईंना सोबत आणलं होतं. आईने चहा पुढे केला तेव्हा तो म्हणाला, "मिसेसना साखर कमी." बाई म्हणाल्या, "कोण म्हणालं? दोन चमचे घाला." आई त्यानंतर दोन दिवस हसत होती. बाबा हसले नाहीत. पुन्हा ट्रक मोजू लागले.

मग एका दुपारी मनोरीची एक कोळीण आली. मालाडच्या बाजारात मासे विकायची. टोपली तिने जिन्याखाली ठेवली होती आणि पत्रक घडी करून कमरेला खोचलं होतं. नातीने तिला ते वाचून दाखवलं होतं. नात मालाडच्या कॉलेजात जायची, रोज तर, म्हणजे खाडीतली होडी, पकडून मार्व्याला आणि तिथून बसने. होडी चुकली की पहिला तास गेला. नातीसाठी खाडीच्या अलीकडे घर हवं होतं.

आत आल्या आल्या म्हणाली, "ओली भिंत कंची, बाय?"

मी दाखवली. तिने तळहात टेकवला, नाक जवळ नेलं आणि म्हणाली, "इतकीच? मना वाटला, भिंतच नाय." मग बाबांकडे वळली. "कालचा बोंबील मी कालचा म्हणूनच इकते. खोटं सांगितलं तर गिऱ्हाईक एकदाच येतंय."

मला तेवढंच हवं होतं. म्हटलं, "म्हणूनच तर दलाल नको. हे दलाल म्हणजे फुकट..."

"दलाल आमच्या बंदरावर बी हाय," ती शांतपणे म्हणाली. "त्याला बी पोट हाय. पण त्यानं मना इथं आणलं नसतं, ते खरं."

दुसऱ्या दिवशी ती पाणी बघायला पहाटेच आली. तिसऱ्या दिवशी नातीला घेऊन आली. चौथ्या दिवशी भाव ठरला आणि आईने तिच्या हातावर साखर ठेवली. आमच्याकडे तेवढ्याने व्यवहार पक्का होतो. कागद मागाहून.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी हस्तांतराचा अर्ज वाचला आणि चष्मा काढला. "मासेवाली? बघा, माझं काही नाही. पण मंडळी वासाचं काढतील. विशेष सभा घ्यावी लागेल." त्याच संध्याकाळी एजंट दुसरं गिऱ्हाईक घेऊन दारात उभा राहिला. भाव तोच, आणि सोसायटीची सही उद्याच्या उद्या. बाबांनी भाव पुन्हा एकदा विचारून घेतला. चक्की त्यांना समोर दिसत असणार.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी तिका साखर दिलंय. आता तोंड फिरवूक माका जमाचा नाय."

बाबांनी एजंटला हात जोडले.

मी तोवर दुसरं पत्रक लिहून काढलं होतं, सोसायटीच्या विरोधात, कडक. बाबांनी ते पूर्ण वाचलं आणि घडी केली, छापील बाजू आत. "आपणच विकूचा म्हणालंस मा? मगे दारां पण आपणच वाजवूक होयी."

रविवारी आम्ही तिघं निघालो, बाबा, मी आणि कोळीण. तळमजल्यावरच्या शाकाहारी शेजाऱ्यांनी दार अर्धंच उघडलं. "मावशी, मच्छी घरात विकणार काय?"

"बाजारात इकायची ती घरात कशाला? तुमी तुमचा ऑफिस घरी आनता काय?"

ते हसले आणि दार पूर्ण उघडलं. तिसऱ्या मजल्यावर मात्र दोन घरांनी कामात आहोत म्हणून सांगितलं. वरच्या एका बाईंशी बोलता बोलता निघालं, की ही रोज पहाटे साडेतीनला उठते. त्या बाईंचे डोळे चमकले. आमच्या इमारतीत पाणी साडेचारला यायचं. पंप लावायला कुणी उठायचं नाही आणि आठवड्यातून तीनदा टाकी कोरडी राहायची. संध्याकाळपर्यंत बातमी बाराही घरांत पोचली.

सभा गच्चीवर झाली. सेक्रेटरी खुशीत होते. "मग काय, पंप यांच्याकडे. अर्जातच तशी अट घालून घेऊ, म्हणजे कुणाची तक्रार नको."

"चालंल," ती लगेच म्हणाली.

माझं डोकं सणकलं. घराची पूर्ण किंमत मोजायची आणि वर चाकरीही करायची? मी उठणार इतक्यात तिने माझा पदर धरून खाली ओढलं. "बस, बाय. तुझा राग तुझ्याकडं ठेव. मना घर पायजे."

मी बसले. उभे राहिले ते बाबा. सभेत बोलायची त्यांना सवय नव्हती. गेटसभेतही ते मागे उभे राहायचे.

"पंप लावायची अट माझ्या अर्जात नव्हती," ते म्हणाले. "तुमच्या कुणाच्याच नव्हती. यांच्याही नसेल. पाळी लावा. बारा घरं आहेत. उद्याची पाळी माझी."

"असं अडून बसलात तर आजच्या आज मंजुरी कशी मिळेल?" सेक्रेटरी म्हणाले.

"नाही मिळाली तर पुढच्या सभेला येईन. त्याच्या पुढच्यालाही येईन. मला कामावर जायचं नाहीये."

मला चक्की दिसत होती, लांब जाताना. तेवढ्यात तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी घसा साफ केला. "परवाची माझी."

मग हात वर झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघांनी शेवटपर्यंत केले नाहीत. सेक्रेटरींनी सगळ्यांत शेवटी केला, खांद्यापर्यंतच. अर्ज बिनअटीचा मंजूर झाला.

जिना उतरताना ती बाबांना म्हणाली, "भाऊ, मी लावला असता पंप."

"ठाऊक आहे," बाबा म्हणाले. "म्हणूनच बोललो."

पाळीचा तक्ता मी लिहिला आणि स्टेन्सिल काढून बाराही घरांत वाटला. किल्ली घ्यायला आली तेव्हा तिने जुन्या पत्रकाचीही एक प्रत मागून घेतली. म्हटलं, कशाला?

"ओल वाढली तर गावी येऊन दाखवीन तुज्या बापाला."